अ‍ॅडलर म्हणजे कोणते

ट्रॉय, मिशिगन
२६ मे २०२४

प्रिय हर्षू,

जय भीम. या घरात म्हणायला कुणी नाही, म्हणून तुलाच लिहून म्हणते.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही, म्हणजे वाचून गप्प बसतेस. त्यापेक्षा कागद बरा. पोचला की नाही याची शंका तरी धरता येते.

तुझ्या विनीतावहिनीने पाकीट आणि तिकीट आणून दिलं. प्रफुल्ल म्हणाला, "आई, राहू दे थोडे दिवस. ती शांत झाली की करेल फोन." तुझा भाऊ सगळ्याच गोष्टी थोडे दिवस राहू देतो.

मी काय विचारलं ते पुन्हा लिहिते, कारण बेलव्ह्यूला घरी पोचेपर्यंत तू ते वाढवलं असशील. जेवणं झाली होती. पॉल न सांगता ताटं उचलत होता. मी म्हटलं, "अ‍ॅडलर हे जर्मन आडनाव ना?" हो म्हणाला. "तुझ्या घरचे केव्हा आले इकडे?" तर म्हणे चाळीसच्या दशकात कधीतरी, आजोबा लहान होते, नक्की साल माहीत नाही. "आणि आजोबांचे वडील?" ते युद्धात गेले, म्हणाला. मी विचारलं, "कुणाच्या बाजूने लढताना?"

एवढंच. मी आवाज चढवला नाही. तो कानापर्यंत लाल झाला. "आजोबा त्याबद्दल बोलत नाहीत," म्हणाला आणि ताटं घेऊन आत गेला. बराच वेळ आतून नुसता नळाचा आवाज येत होता. ताटं सहाच होती.

मग तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "आई, ज्या प्रश्नाने तुला आणि बाबांना अमरावतीत खोली मिळाली नाही, तोच तू माझ्या माणसाला विचारलास." आणि दुसऱ्या दिवशीचं विमान बदलून त्याच संध्याकाळी निघून गेलात.

हर्षू, तो प्रश्न हा नव्हे. ती घरमालकीण "गरुड म्हणजे कोणते गरुड?" असं विचारायची ते आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवायला. तुझे बाबा "बौद्ध" म्हणायचे आणि खोली आदल्याच दिवशी दिलेली निघायची. मी विचारलं ते माझी मुलगी कोणाच्या उंबऱ्याच्या आत चालली आहे हे कळावं म्हणून. ज्या लोकांनी माणसांना गुरांच्या डब्यात भरून नेलं, त्यांच्या घरात शंकरराव गरुडांची मुलगी डोळे मिटून देऊ काय?

मी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. कुठे दुखतंय विचारल्यावर माणूस भलतीकडे बघायला लागला, की दुखणं मोठं असतं.

आई

ट्रॉय
१६ जून २०२४

प्रिय हर्षू,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस.

मी इथल्या ग्रंथालयात गेले होते. विनीता कामावर जाताना सोडते. तिथल्या बाईला मी अ‍ॅडलर आडनावाबद्दल विचारलं, तर तिने फार आपुलकीने सगळं काढून दाखवलं. माझं इंग्रजी कमी पडलं तिथे तिने कागदावर चित्र काढलं. पंख पसरलेला पक्षी. अ‍ॅडलर म्हणजे गरुड. मी तिला म्हटलं, माझंही तेच आडनाव. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

ती म्हणाली, हे नाव जर्मनांतही आहे आणि ज्यूंतही. जर्मनांकडे खानावळीच्या पाटीवर गरुड असायचा, म्हणून खानावळवाला अ‍ॅडलर. फ्रँकफर्टच्या ज्यूंच्या गल्लीत घरांना नंबर नव्हते, खुणा होत्या. गरुडाच्या घरातले लोक अ‍ॅडलर झाले. पुढे तिकडच्या राजांनी फर्मानं काढली की ज्यूंनी कायमचं आडनाव लावलंच पाहिजे, तेव्हाही काहींनी हे घेतलं. आता अमेरिकेत हजारोंनी अ‍ॅडलर आहेत. मी विचारलं, नुसत्या नावावरून कोण कोणते ओळखता येतं का? नाही म्हणाली. जास्तीचं काही माहीत असल्याशिवाय नाही.

हे मला नवीन नव्हतं. मीही गरुडच.

पण मग पॉल ज्यू असता तर तसं म्हणाला असता. त्यात लपवायचं काय? उलट माझ्यासारखीने त्याला जवळच केलं असतं. तो लाल झाला, आणि त्याचे आजोबा चर्चला जातात असं तूच मागे बोलून गेली होतीस. म्हणजे ते दुसरेच अ‍ॅडलर. माझा संशय गेलेला नाही, वाढला आहे.

काल इथल्या मराठी मंडळाची पिकनिक होती. तिथलं एक सांगते. श्रीराम म्हणून एक गृहस्थ आहेत, बोलायला गोड. ते प्रफुल्लला म्हणाले, "गरुड म्हणजे तुम्ही नगरकडचे असणार. आमचे साडू गरुडच, मोठं घराणं आहे." प्रफुल्ल म्हणाला, "असेल, मूळ तिकडचंच असेल," आणि लगेच शेगडीकडे वळून कणसं भाजली का बघायला लागला. त्याचा आवाज मी ओळखला नाही. पातळ झाला होता, वर साखर पेरल्यासारखा. माझ्या मुलाचा तो आवाज नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो वर झोपायच्या खोलीत का आहे? म्हणाला, "खाली भिंतीला जागा नाही." खाली भिंतीवर एका जहाजाचं चित्र आहे.

एका वेळी एकच भांडण पुरे.

पॉलचे आजोबा वॉल्टर सॅगिनॉच्या अलीकडे जर्मनांनी वसवलेल्या एका गावात वृद्धाश्रमात आहेत, हे मला तुझ्याच फेसबुकवरून कळलं. इथून दीड तास. विनीता नको म्हणत होती. मी म्हटलं, नेणार नसशील तर टॅक्सीने जाईन. प्रफुल्लला आम्ही सांगणार नाही. तूही सांगू नकोस, तसंही तू कुणाशी बोलत नाहीसच.

आई

ट्रॉय
७ जुलै २०२४

प्रिय हर्षू,

मी वॉल्टरना भेटून आले.

पॉलला जे वाटतं ते खरं नाही. मला वाटत होतं तेही नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही, शब्द दिला आहे. विनीतानेही दिला आहे, तेव्हा तिला फोन करून काढून घ्यायचा प्रयत्न करू नकोस.

लग्नाला माझी ना नाही.

हे वाचून तू म्हणशील, आई आता कुठला नवा डाव टाकते आहे. मीही तेच म्हटलं असतं.

आई

ट्रॉय
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय हर्षू,

परवा तुझा आवाज ऐकला. तू रडत होतीस आणि मी "जेवलीस का" एवढंच विचारत राहिले, ते मनावर घेऊ नकोस.

वॉल्टरनी स्वतः पॉलला फोन करून सांगितलं, म्हणजे माझा शब्द सुटला. तू विचारलंस, "तुला त्यांनी कसं सांगितलं? सख्ख्या नातवाला सांगितलं नाही ते?" आता लिहिते.

आम्ही गेलो तेव्हा ते खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. ब्याण्णव वर्षांचे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याच्या पांढऱ्या रेघा. मी विचारलं तर म्हणाले, बेकरीची भट्टी, सगळा जन्म तिथे गेला. विनीता मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. तिने माझं नाव सांगितलं आणि गरुड म्हणजे अ‍ॅडलर हेही. ते हसले. म्हणाले, "मग आपण भाऊबंद." मला ते आवडलं नाही. मी विनीताला म्हटलं, यांना सांग, आमच्याकडे हे नाव पुष्कळ जातींत आहे, म्हणून नाव सांगितलं की लोक विचारतात, कोणते? आणि उत्तरावर ठरवतात तुम्हाला आत घ्यायचं की नाही. त्यांना विचार, तुम्ही कोणते?

विनीताने ते जरा मऊ करून विचारलं असणार. पण म्हाताऱ्याने खुर्ची खिडकीपासून आमच्याकडे वळवली. मग म्हणाला, "माझ्या आईला इथे पहिल्या दिवशी घरमालकिणीने नेमकं हेच विचारलं होतं."

त्यांचे वडील ज्युलियस. खेड्यात गुरांचा व्यापार करायचे. ज्यू होते. अडतीस साली त्यांना धरून नेलं, काही आठवड्यांनी सोडलं. मग बायकोला आणि मुलाला बाहेर पडता आलं, त्यांना आलं नाही. काही दिवस पत्रं येत होती, मग थांबली. इकडे हे दोघं त्या गावात पोचले. सगळे जर्मन, सगळे चर्चला जाणारे. घरमालकिणीने विचारल्यावर आई म्हणाली, "नवरा युद्धात आहे." तेवढंच. रविवारी मुलाचा हात धरून ती चर्चमध्ये जाऊन बसली. त्याला म्हणाली, "हे नाव त्यांचंही आहे. आपण त्यात मावू." तो नऊ वर्षांचा होता. मग तिथेच बेकरी, तिथेच लग्न, मुलगा, नातू. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

हर्षू, मी विश्वास ठेवला नाही. खरं सांगते. मला वाटलं, म्हातारा हुशार आहे, समोर कोण बसलंय बघून बोलतो आहे. आता तर जो तो छळ झालेल्यांतलाच निघतो, छळणारा कुणीच नव्हता.

तेवढ्यात औषधं द्यायला तिथली मुलगी आली. म्हणाली, "मिस्टर अ‍ॅडलर, दोन वाजता पाद्री येणार आहेत, लक्षात आहे ना?" आणि वॉल्टरांचा आवाज बदलला. पातळ झाला, वर साखर. "हो, हो, बरं झालं आठवण केलीस. काय सुंदर ऊन पडलंय." हात मात्र खुर्चीच्या कडेला घट्ट. ती गेली तरी ते थोडा वेळ उन्हाबद्दलच बोलत होते.

तो आवाज मी पिकनिकला ऐकला होता. मग मला आणखी पुरावा लागला नाही. विनीतानेही ओळखला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ते म्हणाले, "पॉलला सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगणार. पण एक सांगते, तुमचा नातू तुमच्या वडिलांबद्दल विचारलं की लाल होतो. त्याला वाटतं ते मारणाऱ्यांतले होते. म्हणून तो विचारत नाही.

ते त्यांना माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हा तरी तो माझा अंदाजच होता, पण परवा तूच फोनवर म्हणालीस, पॉलला लहानपणापासून हीच भीती होती, आणि माझा प्रश्न नेमका तिथेच लागला. विनीताने माझं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. "ज्युलियस मारणाऱ्यांतला?" असं स्वतःशीच दोनदा म्हणाले. मग आम्हाला जायला सांगितलं. निरोपही घेतला नाही.

त्यांना पॉलला सांगायला महिना लागला.

परतताना विनीता गाडी चालवत होती. मी म्हटलं, प्रफुल्लला किती लागणार आहे? ती म्हणाली, "आई, प्लीज. त्याच्या ऑफिसात अर्धी टीम मंडळातली आहे. आमची अनिका त्यांच्याच मुलींबरोबर वाढली. तुम्ही सहा महिन्यांनी जाल. आम्हाला इथेच राहायचंय." हे ती बरोबर बोलली. मी रेडिओ लावायला सांगितला.

आई

ट्रॉय
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय हर्षू,

काल आम्ही सगळे वॉल्टरांकडे जेवायला गेलो होतो. तुला कामामुळे येता आलं नाही. पॉलने तुला सांगितलंच असेल, पण तो रडत होता, त्याला नीट दिसलं नसणार. मी बघत होते.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात लांब टेबल आहे, वॉल्टरांच्या शेजारी वर्षानुवर्षं तेच चार-पाच म्हातारे बसतात. जेवणाआधी कुणीतरी प्रार्थना म्हणतं. काल वॉल्टर म्हणाले, आज मी म्हणतो. आणि प्रार्थना न म्हणता म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव ज्युलियस अ‍ॅडलर. ते ज्यू होते. त्यांना मारलं. मीही ज्यू आहे. एवढं सांगून मला जेवायचं आहे."

मी एकेकाचं तोंड बघत होते. एका बाईने काटा खाली ठेवला. पाद्री पाण्याचा पेला हातात धरून तसाच. पॉल आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा. समोर अर्न्स्ट म्हणून एक शेतकरी बसतो, वॉल्टरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. शाळेपासूनचा सोबती. तो म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, वॉल्टर."

वॉल्टर म्हणाले, "काय?"

"तुझी आई आली तेव्हापासून. माझी आई म्हणाली होती, त्यांना विचारायचं नाही. आम्ही नाही विचारलं."

मग त्याने बटाट्यांचं भांडं वॉल्टरांकडे सरकवलं.

मला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल. नाही वाटलं. वॉल्टरांनी ते भांडं ढकललं. म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी झोपेत काही बोलेन म्हणून बायकोशेजारी धड झोपलो नाही. आणि तुम्हाला माहीत होतं." अर्न्स्ट म्हणाला, "आम्हाला वाटलं तुला तसंच हवंय." वॉल्टर जेवले नाहीत. पॉल त्यांना खोलीत घेऊन गेला. नंतर अर्न्स्ट काठी टेकत त्यांच्या दाराशी गेला आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिला. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता, दार बंद होतं.

याला त्या गावाची माया म्हणायची की आणखी काही, मी ठरवू शकत नाही. न विचारणारेही काहीतरी राखून ठेवत असतात असं मला वाटतं. पण तो खुर्चीवर बसला होता हेही खरं.

गाडी हायवेला लागली. मग विनीता म्हणाली, "प्रफुल्ल, मंडळातल्यांनाही माहीत असेल का?"

तो म्हणाला, "काय माहीत असेल?"

ती म्हणाली, "इतकी वर्षं प्रत्येक पॉटलकला आपल्याला पेपर प्लेट्स आणि कोल्ड्रिंक आणायला सांगतात. कधीच स्वयंपाकातलं काही नाही. मला वाटायचं मी नोकरी करते म्हणून. पण नोकरी तर वल्लरीही करते. तिला दर वेळी मसालेभात असतो."

प्रफुल्लने गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर घेतली. पेट्रोल भरायचं नव्हतं. तो खाली उतरून गाडीला टेकून उभा राहिला. मी काच खाली केली नाही.

आई

ट्रॉय
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय हर्षू,

काल मंडळाची दिवाळी झाली. कुणी काय आणायचं ते ठरत होतं तेव्हा प्रफुल्लने ग्रुपवर लिहिलं, "आम्ही पाटवडी रस्सा आणतो. चाळीस जणांचा." बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग वल्लरीने लिहिलं, "अरे, विनीताला कशाला त्रास, तुम्ही प्लेट्स आणा ना." प्रफुल्लने लिहिलं, "त्रास नाही. आई आहे."

दोन दिवस आम्ही तिघं त्यातच होतो. प्रफुल्लने वड्या कापल्या, वाकड्यातिकड्या. अनिकाने चव घेतली आणि घोटभर पाणी पिऊन म्हणाली, "आजी, this is violence." मी तिखट कमी केलं नाही.

हॉलमध्ये टेबलावर आमचं पातेलं मसालेभाताच्या शेजारी ठेवलं. मी बाजूला खुर्ची टाकून बसले, म्हातारी दमली असं दाखवत. श्रीराम आले. "अरे वा, पाटवडी. तुमच्या नगरकडे करतात का ही?"

प्रफुल्ल म्हणाला, "नगर नाही. आम्ही अकोल्याचे. बौद्ध आहोत. आईच्या हातची आहे, घ्या."

त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला. त्याचे बाबा खोली बघायला जायचे तेव्हा म्हणायचे तसं, खाली न बघता.

श्रीराम "हो का, हो का" म्हणाले. डाव हातात घेतला, वाढून घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं नाही. त्यांच्यामागे उभी असलेली दोन कुटुंबं थेट पुऱ्यांकडे गेली. वल्लरी म्हणाली, "काकू, दिसतंय छान, पण मला तिखट बंद आहे." थोड्या वेळाने मी तिला मिरचीची भजी खाताना पाहिलं. एकच खाल्ली असेल, दोन असतील, माझ्या चष्म्याचं खरं धरू नकोस. देवांग म्हणून एक नवीन मुलगा आहे, पुण्याचा. त्याने तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा हळूच "जय भीम, काकू," म्हणाला. मी त्याला विचारलं, "मग मोठ्याने का नाही म्हणत?" तो हसला. पण पातेल्यापाशीच थांबला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाढू लागला.

कुणी खाल्लं आणि कुणी नाही, हे मला पाठ आहे. पण का खाल्लं नाही, ते माझ्याच्याने ठरत नाही. काहींना खरंच तिखट चालत नसेल. आता हे प्रफुल्लला आणि विनीताला इथे राहून रोज बघायचं आहे. सोमवारी त्याला त्याच ऑफिसात जायचं आहे.

अर्ध्याहून जास्त पातेलं परत आलं. घरी पोचल्यावर प्रफुल्लने कोट न काढता शेगडीपाशी उभं राहून एक वाटी खाल्ली. मग दुसरी. नाकातून पाणी येत होतं, ते तिखटाने की कशाने, मी विचारलं नाही. विनीता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच्याच वाटीत खायला लागली.

तू विचारतेस, लग्नानंतर आडनाव काय लावू? पॉल म्हणतो दोन्ही लावू, तू म्हणतेस गरुडच ठेवू. ते तुमचं तुम्ही बघा. काहीही लावलंत तरी विचारणारे विचारतील. मुलं झाली तर त्यांना दोन्हीकडून विचारतील.

सोळा तारखेला लग्नाला सगळ्यांनी वॉल्टरांच्या गावीच जमायचं ठरलं, हे बरं झालं, त्यांना हलवणं नको. ते अजून अर्न्स्टशी बोलत नाहीत, असं पॉलकडून कळलं. पण अर्न्स्ट रोज दाराशी येऊन बसतो, आणि परवा वॉल्टरांनी दार उघडं ठेवलं.

लग्नाचा स्वयंपाक मी करणार आहे. त्या चर्चच्या बायका केक आणू देत, माझी हरकत नाही. वॉल्टरना माझ्या उजव्या हाताला बसव, अर्न्स्टला डाव्या. दोघांनाही मी स्वतः वाढीन, आणि दोघंही जेवेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
आई